फेबियनने घातलेला कोबा

लाईट येईपर्यंत ऐका, पण मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. माझ्या मित्राच्या, फेबियन मिस्त्रीच्या घरात घडलेलं आहे हे.

भुजचा भूकंप झाला तेव्हा आमच्या देवळालाही तडे गेले. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. वर्षभर काम चाललं आणि ते होतं फेबियनकडे. त्याची हौस एकच, नव्या देवळात पहिलं लग्न आपल्या सेलिनचं लागावं. एकुलती एक पोर, त्याचा जीव की प्राण.

देवळातली जमीन उकरली तर खाली जुन्या कबरी. आमची रीत अशी की हाडं पांढऱ्या कापडात घ्यायची, फादरांनी प्रार्थना म्हणायची आणि सिमेटरीत परत पुरायची. सगळी झाली, एक राहिली. फादर बाहेरगावी, लग्न तोंडावर. फेबियनने कोणाला न सांगता वेदीकडे जायच्या वाटेतल्या त्या कबरीवर सिमेंटचा कोबा घालून टाकला. मूर्खपणा, दुसरं काय!

२००२ सालची ईस्टरनंतरची शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी लग्न. जेवण उरकून फेबियन कोब्यावर पाणी मारायला गेला. देवळात चिटपाखरू नव्हतं. त्याने पाइप सोडला, आणि खालून आवाज आला.

टक… टक…

त्याने पाणी बंद केलं.

“बाबा…”

बाईचा आवाज. दबलेला. कोब्याखालून.

त्याने पहार उचलली. पण कोबा फोडला की उद्याचं लग्न गेलं. पहार खाली ठेवली. गुडघे टेकले.

“एक दिवस थांब,” तो म्हणाला. “पोरीचं लग्न लागू दे. मग मी स्वतः काढतो तुला.”

आवाज थांबला.

सकाळी सेलिन बापाचा हात धरून वेदीकडे निघाली. त्या जागेवर आली… थांबली. फेबियनने हलकेच पुढे ओढलं. ती हलेना.

“बाबा… श्वास…”

कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच संध्याकाळी फेबियनने कोब्यावर पहार घातली. कोणी अडवलं नाही. खाली हाडं जागच्या जागी होती. सुटलेला तुकडा त्याने आणि मी मिळून उलटा केला.

खालच्या बाजूला पंजा उमटला होता. सिमेंट ओलं असताना खालून ढकलल्यासारखा. हाडांचा नव्हे. तळहाताच्या रेषा दिसत होत्या… करंगळी वाकडी.

कोबा घातला त्या दिवशी सेलिन माणिकपूरला झग्याचं माप द्यायला गेली होती. देवळाकडे फिरकलीही नव्हती.

तिची आई आल्बिना मागे उभी होती. ती खाली बसली. त्या पंजावर आपला हात ठेवला… बराच वेळ.

“जन्मल्यापासून वाकडी होती,” ती म्हणाली.