रिकाम्या खुर्चीची काच

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. खोटं वाटलं तर वाटू दे. मी स्वतः त्या खोलीत होते, आणि भरदुपारी होते.

माझा दादा चष्मे बनवतो. वहिनीचे कान गेले, तेव्हा त्याने घरीच तिच्यासाठी एक चष्मा करायला घेतला. समोरचा जे बोलेल, ते शब्द तिला काचेवर दिसणार होते.

"तुझा दादा बोलतो कुठे?" वहिनी मला म्हणायची. "काच कोरीच राहायची माझी!"

चष्मा अर्धा झाला, आणि वहिनी गेली.

दादा थांबला नाही. वाढलेलं ताट तसंच ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसायचा. भाऊही हातचा जातोय की काय, या भीतीने मी त्याच्याकडे राहायला आले.

त्या रविवारी त्याने मला मदतीला घेतलं. खिडक्यांना काळं कापड. हादरे बसू नयेत म्हणून टायरच्या ट्यूबांवर जड फरशी, आणि तिच्यावर लेझर. चष्म्याच्या काचेवर लावायची फिल्म नीट काम करते का, हे बघायला तो आधी लेझरच्या उजेडात वहिनीच्या खुर्चीचं चित्र फिल्मवर उतरवणार होता; मान कलती केली की बाजूही दिसते, असं चित्र.

"हलू नकोस," तो म्हणाला. "जे केसभरही हलतं, ते फिल्मवर येत नाही. काळं राहतं. जिवंत माणूस म्हणूनच यात येत नाही. श्वास घेतो ना..."

पंखा बंद. लिफ्टही थांबलेली.

आणि खुर्ची करकरली...

"गेली वाया," दादा पुटपुटला.

फिल्म धुतली, वाळवली, उजेडात धरली.

खुर्ची आली होती.

आणि खुर्चीत... वहिनी.

ऐकू यावं म्हणून एक कान पुढे करून बसायची, तशीच. मी मान कलती केली, तर तिचा दुसरा गालही दिसला.

मला रडूच फुटलं. भीती नंतर आली.

दादाने दुसरी फिल्म लावली. या वेळी तो खुर्चीला टेकून खाली बसला.

"दादा, तू नाही येणार त्यात. तूच सांगितलंस ना?"

"बसू तर दे गं तिच्याजवळ."

अंधारात त्याच्या तोंडावर लेझरचा लाल उजेड होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता... येत होता...

मग येईना.

मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी ओरडले, तेव्हा तो दचकून उठला. "झालं?"

फिल्मवर दोघं होते. दादाची पापणीन् पापणी स्पष्ट. वहिनीचा हात त्याच्या डोक्यावर.

"आलो की गं दोघं!" तो हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तो दुकानात जातो. गिऱ्हाइकांची थट्टा करतो. पोटभर जेवतो. भाऊ परत मिळाला म्हणून मी खूश व्हायला हवं.

पण तो जेवायला बसला की मी त्याच्या छातीकडे बघत राहते. शर्ट वरखाली होतोय ना, एवढंच...

कधी होतो. कधी कितीतरी वेळ होत नाही.

मी त्याच्या ताटात आणखी थोडं वाढते.