अंधारवय

मोहझरीला नळाचं पाणी मंजूर झालं, तोवर राज्यात नवा कायदा आला होता. पाइपलाइनसाठी पहिली कुदळ मारण्याआधी त्या वाटेवरच्या जमिनीचं वय काढून घ्यायचं. आधीच्या वर्षांत गावोगावी पाणी पोचवण्याच्या घाईत खोदाईच्या यंत्रांनी कितीतरी जुन्या वस्त्या आणि दफनं चाळून टाकली होती. तशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक तालुक्याला एक भूकाल अधिकारी नेमलेला असे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या तालुक्यात ते काम डॉ. तितिक्षा वैरागडे करायची. वय चौतीस, मूळची नागपूरची.

मोहझरीत ती पोचली त्या सकाळी वेशीवर एकच बाई तिची वाट पाहत उभी होती. एकसष्ट वर्षांच्या कुंदाबाई गायधने गावच्या पाणी समितीच्या अध्यक्ष होत्या. पाण्यासाठी अर्ज करण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती.

"किती दिवस लागतील जी?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"दहा-बारा. दर वीस पावलांवर सुई घालायची, साडेचार किलोमीटर."

"मंग मी येतो संगं. लवकर होईल."

त्या खरोखरच रोज यायच्या. तितिक्षाजवळ तमोमापक होता. तमोमापक म्हणजे अंधार मोजणारं यंत्र. बोटाएवढी जाड, दीड पुरुष लांबीची पोकळ सुई जमिनीत उतरवायची आणि दर टिचभर खोलीवर पडद्यावर उमटलेला आकडा वहीत लिहायचा. सुई तितिक्षा सांभाळायची. पडद्यावरचे आकडे कुंदाबाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "हे कायचे आकडे आहेत, बाई?"

तितिक्षाला असं विचारणारं कोणी सहसा भेटत नसे. तिनं चिमूटभर माती तळहातावर घेतली. "यात वाळूचे बारीक कण आहेत. कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी असते. त्याच्यावर माती पडली, अंधार झाला, की आजूबाजूच्या जमिनीतून निघणारी अगदी किंचित किरणं त्याच्यात साठायला लागतात. जितके दिवस अंधार, तितका साठा. सुई त्या कणावर उजेड टाकते, तो साठा बाहेर पडतो आणि यंत्र तो मोजतं. म्हणजे त्या कणानं शेवटचं ऊन पाहिलं त्याला किती दिवस झाले, ते कळतं. त्याला आम्ही अंधारवय म्हणतो."

"दिवस? वर्षं नाही?"

"पूर्वी शेकड्यानं वर्षं चुकायची. आता शे-दीडशे वर्षांच्या आतलं असेल तर दिवसाची चूक होत नाही. परवाचा खड्डा कुठला आणि जुना कुठला, हे लगेच कळावं म्हणून यंत्र इतकं बारीक केलंय."

कुंदाबाईंनी तिच्या तळहातावरची माती बोटानं चाळवली. "आता हिचं किती?"

"आता शून्य. ऊन लागलं ना तिला."

चौथ्या दिवशी वाट मोठमोठ्या धोंड्यांच्या वर्तुळांपाशी आली. अशी शिळावर्तुळं त्या भागात पुष्कळ आहेत. लोखंड नवं नवं हाती आलं होतं, त्या काळातल्या माणसांनी आपले मेलेले त्यांखाली ठेवलेले. सुई आत गेली आणि कुंदाबाईंनी अडखळत आकडा वाचला, "नऊ लाख... सत्तेचाळीस हजार."

"सव्वीसशे वर्षं," तितिक्षा म्हणाली. "इथून पाइप नेता येणार नाही."

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. नव्यानं मंजुरी म्हणजे आणखी दोन-तीन उन्हाळे, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. तितिक्षानं नकाशा पसरला. वर्तुळांच्या खालच्या अंगानं, आटलेल्या झऱ्याच्या उतारावरून चाळीस मीटर सरकून वाट नेली, तर तिच्या एका सहीत काम होणार होतं. तिनं सही केली.

बाकीची वाट आटोपून अकराव्या दिवशी सकाळी दोघी त्या नव्या वाटेच्या उतारावर आल्या. तिथं नुसतं झुडूप होतं. जमीन रेताड असल्यानं सुई सहज उतरली. वरचे आकडे शे-दोनशेचे होते. मग एकदम मोठे आकडे सुरू झाले.

"बारा हजार चारशे सतरा," कुंदाबाई वाचत गेल्या. "सतरा. सतरा. आता अठरा... वीस... एकोणीस... पुन्हा अठरा. वीस. वीस. वीस."

सुई लोखंडाला लागून थांबली.

तितिक्षानं हिशेब केला. "चौतीस वर्षं. कोणीतरी खड्डा केला असणार."

"चौतीस," कुंदाबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. "आमच्या प्राचीचे बाबा त्याच साली सोडून गेले."

रोजच्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलावं, तशा त्या बोलल्या.

नियमाप्रमाणे तितिक्षानं तिथं हातानं खोदायला लावलं. आधी सब्बल, म्हणजे खणायची लोखंडी पहार, निघाली. तिचं टोक एकदा मोडून पुन्हा जोडलेलं होतं. ते जोडकाम पाहताच कुंदाबाई खाली बसल्या. ती सब्बल त्यांच्या घरची होती. नवऱ्यानं ती विकून खाल्ली, असं त्या चौतीस वर्षं समजत आल्या होत्या. सब्बलीला लागूनच हाडं होती.

हेमराज गायधने गेला तेव्हा कुंदाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या, मुलगी तीन वर्षांची. त्या उन्हाळ्यात हेमराज पहाटेच कुठंतरी जायचा आणि दुपारी उशिरा परतायचा. विचारलं की हसून टाळायचा. तुमसरला त्याची कोणी बाई आहे, असं कोणीतरी कुंदाबाईंच्या कानावर घातलं. एका पहाटे मोठं भांडण झालं. कुंदाबाईंनी त्याचा फोन उचलून भिंतीवर आपटला. "जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही," म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी दीर शोधायला निघाले, तर कुंदाबाईंनीच त्यांना अडवलं. गेलाय तिच्याकडे, म्हणाल्या, आणायला जायचं नाही. झऱ्याच्या उताराकडे तर कोणी गेलंच नसतं. त्या साली तिकडे वाघ फिरत होता आणि मोहफुलं वेचायलाही माणूस फिरकत नव्हतं.

आता सगळं उघड झालं. हेमराज वाघाला न भिता तिथं रोज जात होता आणि आटलेल्या झऱ्याच्या पोटात एकट्यानं खड्डा खणत होता. खड्ड्याच्या तळाशी काळी, कधीकाळी ओलसर असलेली माती होती. पाणी लागल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं असावं.

पोलीस आले, पंचनामा झाला. खड्डा खचून अपघाती मृत्यू, असं ठरलं. प्राची नागपूरहून आली. विधी झाले. दीर म्हातारे झाले होते, ते कुंदाबाईंसमोर बसून रडले. तुमसरची गोष्ट कोणी उठवली होती ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण बायका एकेक करून येऊन हात धरून गेल्या. त्या आठवड्यात कुंदाबाईंच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी काहीतरी दिसायचं. मुलीला त्या पुन्हा पुन्हा सांगत, "तुहे बाबा गेले नव्हते वं कुठं. इथंच होते."

शाळेच्या एका खोलीत तितिक्षाचं काम चालायचं. अहवाल लिहायला ती तिथं बसली आणि सुईचे आकडे तिनं एकाखाली एक मांडले. उपसून काठावर टाकलेली, ऊन लागलेली माती खड्ड्यात एकाच दिवशी पडली असती, तर सगळ्या कणांचं अंधारवय एकच आलं असतं. तसं नव्हतं. तळाशी, हाडांच्या कमरेपर्यंत, बारा हजार चारशे वीस. वरची सगळी भर बारा हजार चारशे सतरा. दोन्हींत तीन दिवसांचं अंतर. त्या तीन दिवसांत खड्ड्याचं तोंड उघडं होतं, आत ऊन येत होतं.

आणि मधले कण? ते हाताच्या हाडांभोवतीचे होते. काहींचं वय एकोणीस, काहींचं अठरा. ते दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात आले होते. माती आपण होऊन वरखाली होत नाही. कोणीतरी ती हातांनी उपसत होतं.

 तितिक्षानं त्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली. ते बेकायदा नव्हतं. अहवालात एका खड्ड्याला एक आकडा चालत असे. 'अंदाजे चौतीस वर्षांपूर्वीचा खड्डा, पुरातत्त्वीय महत्त्व नाही,' असं तिनं लिहिलं. ग्रामसभेत ते वाचलं गेलं आणि पाइपलाइनला मंजुरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाबाई शाळेत आल्या. तितिक्षानं पुढं केलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आकडे मी वाचले होते, बाई. सतरा होता, वीस होता, मधी अठरा-एकोणीस होता. कागदावर एकच कायले?"

"यंत्रात थोडीफार चूक असते, मावशी."

"अकरा दिवस चुकलं नाही. तिथंच चुकलं?"

तितिक्षानं समोरची वही मिटली.

"तुमीच सांगितलं होतं, दिवसाची चूक होत नाही म्हणून." कुंदाबाईंचा आवाज चढला नाही. "माहा माणूस आहे तो. मले सांगा."

तितिक्षानं सांगितलं. सांगताना आपण फार हळू बोलतोय, हे तिला जाणवत होतं. पहिल्या दिवशी माती कमरेपर्यंत आली. वर तोंड उघडं होतं. चौथ्या दिवशी बाकीचा खड्डा खचला.

"चौथ्या दिवशी पाऊस आला होता," कुंदाबाई म्हणाल्या. "अवकाळी. गाराबी पडल्या."

त्या खाली बसल्या. बोटं धरून दिवस मोजायला लागल्या, कोणालाही उद्देशून नाही.

"पहिल्या दिवशी मी घर सारवलं. रागानं सगळं घर सारवलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार. बाजारात गेली, प्राचीले फ्रॉक घेतला. तिसरा दिवस असाच गेला. चौथ्या दिवशी आभाळ आलं. सासू म्हणे, कुठं असंल गं तो, भिजंल. मी म्हटलं, भिजू दे मेल्याले."

अंगणात मुलं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

"बाई," कुंदाबाईंनी विचारलं, "आवाज साठतो का मातीत?"

"नाही."

"हाक मारली असंल तर कळत नाही?"

"नाही कळत."

"फोन म्या फोडला होता," कुंदाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पाणी त्यानंतर तीन महिन्यांनी आलं. नळ उघडायला कुंदाबाईंना बोलावलं होतं. त्या आल्या, नळ उघडला, हार घातला तो घालून घेतला आणि घागर भरून घरी नेली. त्यांच्या वागण्यात लोकांना काही वेगळं दिसलं नाही. फक्त त्या फार कमी बोलू लागल्या होत्या आणि कोणाशी बोलता बोलता मध्येच थांबून विचारायच्या, "त्या मंगळवारी मी बाजारात भेटली होती का तुले?" चौतीस वर्षांपूर्वीचा मंगळवार कोणाला आठवणार?

काम संपल्याचा दाखला द्यायला तितिक्षा शेवटची मोहझरीला गेली, तेव्हा त्यांनी तिला घरी नेलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "तुमची सुई गाडीत आहे?"

"आहे. का?"

"आमचं अंगण वाचून द्या."

"अंगण?"

"चौथ्या दिवशी, पाऊस याच्या आधी, मी फाटकापर्यंत गेली होती. त्याची वाट पाहिली. उताराकडं पाहत उभी होती, बराच वेळ." त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "मले असं आठवते. पण आता वाटते, हे मीच मनानं बनवलं असंल. तुमी सांगा, गेली होती का नाही."

तितिक्षानं समजावून सांगितलं. अंगणातली माती रोज झाडली जाते, रोज उन्हात येते. ऊन लागलं की कणाची पाटी कोरी होते. जमिनीत गाडलं जातं त्याचाच काळ मोजता येतो. उघड्यावर काय घडलं, कोण उभं राहिलं, हे माती ठेवत नाही.

"एकदा घालून तर पाहा," कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तितिक्षाला नाही म्हणवेना. तिनं गाडीतून यंत्र आणलं. फाटकाशी, कुंदाबाईंनी पाय ठेवून दाखवला त्याच जागी, वरच्या वरच सुई टेकवली. पडदा कुंदाबाईंच्या बाजूला होता. सवयीप्रमाणे त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला.

"शून्य."

"मावशी, शून्य म्हणजे 'नाही' असं नाही. शून्य म्हणजे मातीला माहीत नाही. तुम्ही गेलाही असाल."

"हो."

"यातून काहीच सिद्ध होत नाही. खरंच."

"समजलं जी."

तितिक्षानं तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तोच शेजारच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. यंत्राकडे कुतूहलानं पाहत तिनं विचारलं, "काय म्हणते वं कुंदा, मशीन?"

"काही नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "म्हणते, मी फाटकापर्यंतबी गेली नव्हती."