हिबाच्या जागी मी

जानेवारीत मी शारजाला गेले ती एका साध्या कामासाठी. तिथल्या रोल्ला भागात, मागच्या गल्लीत झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथला मल्याळी माणूस जाड कागदावर छापून, स्पायरल घालून देतो. मला एकाच पुस्तकाच्या दोन प्रती हव्या होत्या. त्याने पहिलं पान बघितलं आणि चष्मा वर केला.

"मॅडम, ये कौनसी लँग्वेज?"

"लॅटिन."

"कौन बोलता है?"

"कोई नहीं. सब मर गये."

तो हसला, मीही हसले. दोन्ही प्रती पिशवीत घालून मी फुजैराची बस पकडली आणि वाटेत डायरीत लिहिलं: १८ जानेवारी, थंडी, समुद्रावर धुकं, हिबाचं पुस्तक मिळालं. रोज लिहायची माझी सवय जुनी आहे. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून जे काही शिकले ते स्वतःच, आणि शिकलेलं सगळं वहीत उतरवून ठेवत गेले. गाडी चालवणं, इंग्रजी, कॉम्प्युटर. लॅटिन तेवढं राहिलं होतं.

हिबा माझी मुलगी, सतरा वर्षांची. तिला जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करायचा आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला कळवलं होतं की मे महिन्यातल्या लॅटिनच्या वरच्या परीक्षेत पाचपैकी पाच आले तर जागा तिची, चार आले तर नाही. ते पत्र आम्ही फ्रिजवर लावलं होतं. येता-जाता मी ते वाचायची.

फुजैरात लॅटिन शिकवणारं कुणी नाही. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहुल सर म्हणून एक पुण्याचे गृहस्थ आहेत. नोकरी सॉफ्टवेअरची, वेड लॅटिनचं. ते दर शनिवारी ऑनलाइन शिकवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिबा, अर्थ मी सांगीन. पण ह्या ओळी कानात बसल्या पाहिजेत, तालासकट. रोज मोठ्याने म्हण. कुणीतरी ऐकायला हवं."

"मी आहे की," मी म्हटलं.

"तुम्हाला लॅटिन येतं?"

"नाही. पण ऐकता येतं."

हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात आम्ही सगळ्या मुली उस्तानींच्या, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या बाईंच्या ओटीवर असंच शिकलो. अरबीचा अर्थ कुणाला येत होता? एकीने सबक, म्हणजे धडा, म्हणायचा, दुसरीने समोर पुस्तक धरून ओळीवर बोट फिरवायचं आणि चूक झाली की पाटावर टकटक करायची. अर्थ कळत नाही म्हणून चूक कळत नाही असं कधी झालं नाही. सुरू करणारी विचारायची, "सुनाऊं?" ऐकणारी म्हणायची, "सुनाव." आणि एकदा "सुनाव" म्हटलं की म्हणणाऱ्याचं संपेपर्यंत उठायचं नाही. उठायचंच असेल तर आपल्या जागी दुसरं माणूस बसवायचं. उस्तानी ह्या बाबतीत फार कडक होत्या.

"अम्मी, धिस इज नॉट मदरसा," हिबा हसून म्हणाली.

"नसू दे. पाठ होतं ना? बस. यल्ला, चल, सुनाव."

आणि खरंच पाठ होऊ लागलं. रोज दुपारी चारला ती शाळेतून यायची. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समोर समुद्रात तेलाची जहाजं नांगरलेली. ऊन इतकं पांढरं असतं की आम्ही जाड पडदे ओढून घेतो आणि भर दुपारी दिवा लावतो. जेवणाच्या टेबलाशी ती एका बाजूला, मी दुसऱ्या. बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्या. हमीद, माझे मिस्टर, टर्मिनलवर शिफ्टला. एसीची घरघर आणि हिबाचा आवाज. मी फोनवर सगळं रेकॉर्ड करायची, म्हणजे तिला स्कूलबसमध्ये ऐकता येईल. फेब्रुवारीअखेर दोनशे ओळी झाल्या, मार्चअखेर पाचशे. मला एक शब्द कळत नव्हता, पण भाकरी थापतानासुद्धा तोंडात त्याच ओळी असायच्या.

अकरा एप्रिलला ती बसमधून उतरली ती धावतच वर आली.

"अम्मी, काल तू किचनमध्ये चहा करत होतीस ना? मी म्हणत होते तेव्हा?"

"हो. दोन मिनिटं."

"मग हे ऐक."

रेकॉर्डिंगमध्ये लांबून माझ्या चमच्याचा आवाज येत होता. जवळ हिबाचा. आणि त्याहून जवळ, टेबलावर, टकटक.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"नो. मी चेक केलं. जिथे टकटक आहे तिथे माझा ताल चुकलाय. एव्हरी सिंगल टाइम." तिचे डोळे चमकत होते. "अम्मी, तो ताल पुस्तकात छापलेला नसतो. तुला बोट फिरवून कळलाच नसता."

घाबरायला हवं होतं, हे मला आता कळतं. पण तेव्हा आम्ही दोघी लग्नघरातल्या पोरींसारख्या कुजबुजत होतो. पडदे ओढले, दिवा लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. हिबाने मुद्दाम एक ओळ चुकवली. आम्ही वाट बघितली. काही नाही… मग माझ्या उजव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीसमोर, लाकडावर, हलकेच. टकटक. आणि नुकत्याच विझवलेल्या वातीचा वास. आमच्या घरात वात कुठली?

हिबाने तोंडावर हात ठेवला आणि हसू दाबलं. ओळ सुधारून म्हटली. टकटक थांबली.

पुढच्या शनिवारी राहुल सर खुर्चीतून उठायचेच बाकी होते. "काय वाचलंस गं! कुणाकडे शिकतेस? खरं सांग, मी रागावणार नाही."

"अम्मीकडे," ती म्हणाली आणि टेबलाखालून माझा पाय दाबला.

सराव पेपरात पाचपैकी पाच आले. फ्रिजवरच्या पत्राखाली मी तो कागद लावला. हमीदला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुबरा, ज्याने मदत केली त्याचं नाव विचारलंस का?" मी म्हटलं, "तुम्ही पण ना… काम होतंय ना?"

चूक माझी. ती मी सव्वीस एप्रिलला, चार वाजून वीस मिनिटांनी केली. हिबाचा सबक संपला होता, एकही टकटक न होता. मी इतकी खुश होते की जुनी सवय तोंडातून निघून गेली. आमच्याकडे दौर असतो. एकीने ऐकवलं की मग तिने ऐकायचं, पाळीपाळीने. नुसतं ऐकून घेणाऱ्याला तसंच उठवणं बेअदबी. मी रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हटलं, "आता तुमची पाळी. सुनाव."

एसी चालू होता, पण त्याची घरघर ऐकू येईनाशी झाली. मग आवाज आला. बाईचा की पुरुषाचा ते सांगता येणार नाही. गोधडीत तोंड घालून कुणी वाचावं तसा. सावकाश. न थांबता. मी पुस्तकावर बोट ठेवून ओळ शोधू लागले. सापडेना.

"आपल्या पुस्तकात नाहीये हे," हिबा कुजबुजली. ती पुढे झुकली होती.

"काय म्हणतंय?"

"शूऽ… अम्मी, किती सुंदर आहे."

त्या दिवशी ते सहा वाजता थांबलं. संपलं नव्हतं, हे दोघींनाही कळलं. दुसऱ्या दिवशी चारला, जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे. तिसऱ्या दिवशी हिबा दप्तर न उतरवताच टेबलाशी बसली. तिने पुस्तक उघडणं बंद केलं. जेवताना ओठ हलत. मी अर्थ विचारला की म्हणायची, "नंतर." परीक्षा तेरा मेला. मी डायरीत रोज उरलेले दिवस लिहीत होते: पंधरा, चौदा, तेरा.

तीन मेला राहुल सरांचा फोन आला. "कुबराताई, हिबाने ह्या सराव पेपरात भलतंच लिहिलंय. लॅटिन उत्तम आहे, माझ्यापेक्षाही चांगलं. पण एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. नुसती पानंच्या पानं. शून्य द्यावं लागेल हो. कुठून उतरवलं तिने?"

मी फ्रिजवरचं पत्र पुन्हा वाचलं. मग हिबाला समोर बसवलं. "बेटा, खलास. आता आपलं पुस्तक."

"अम्मी, उठता येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "तूच शिकवलंस ना? सुनाव म्हटलं की शेवटपर्यंत."

त्याच संध्याकाळी हमीदनी रजा टाकली. हिबाला रोल्लाला, त्यांच्या बहिणीकडे, यम्नाकडे न्यायचं ठरलं. तिथेच अभ्यास करायचा आणि तिथूनच दुबईच्या परीक्षा केंद्रावर जायचं. पण तो आवाज सुरू झाला होता आणि हिबा खुर्चीतून उठेना. हमीदनी दंड धरून ओढलं तर टेबल सरकलं, ती नाही. तेव्हा मी तिच्या शेजारी गेले, रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि नियमाप्रमाणे म्हटलं, "तिच्या जागी मी बसते."

आवाज थांबला. बराच वेळ. मग एकदाच टक.

हिबा झोपेतून उठल्यासारखी उठली. "बाबा, माझं पुस्तक कुठाय? ओ माय गॉड, टेनच दिवस राहिले!"

ती आणि तिचे बाबा गेले आणि मी बसले. मी धीराची आहे. दहा दिवस चार ते सहा बसले, आणि पुस्तक नसल्यामुळे ऐकलेलं सगळं देवनागरीत डायरीत उतरवलं. रोल्लाहून रोज फोन यायचा. हिबाचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. "अम्मी, सहाशे ओळी पक्क्या! अम्मी, सर म्हणाले फाइव्ह नक्की!" मी फोन ठेवून टेबलाशी जायची ती जवळजवळ नाचत. मी कशाला भिऊ? पोरगी सुटली होती.

आज तेरा मे. परीक्षा आठला सुरू. मी पहाटेच्या फजरपासून जागी. साडेसातला, वेळ नसताना, तो आवाज सुरू झाला. इतके दिवस संथ होता, आज घाईघाईने. मी लिहायला बसले. सात पन्नासला एका शब्दाच्या मध्येच तो थांबला. वातीचा वास गेला. एसीची घरघर पुन्हा ऐकू आली. खोली नुसती खोली झाली. अल्हम्दुलिल्ला, संपलं, असं म्हणत मी पडदे सारले. चार महिन्यांत पहिल्यांदा टेबलावर ऊन पडलं. मी शुकराण्याची, आभाराची नमाज पढले आणि हिबाच्या आवडीची सांदणं वाफवायला ठेवली.

अकरा पस्तीसला हमीदचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"कुबरा… तू कुठे आहेस?"

"घरी. कसा गेला पेपर? फाइव्ह येणार ना?"

पलीकडे गाड्यांचा आवाज.

"अहो, काय झालं?"

"पेपर फार छान गेला. हिबा खूप खुश आहे." मग म्हणाले, "मी पेट्रोल पंपावर उतरलोय. दोघी गाडीत आहेत."

"दोघी कोण? यम्ना आली का?"

"हॉलमधून हिबाबरोबर तू बाहेर आलीस. हिबा म्हणते, सकाळपासून तू मागच्या रांगेत बसली होतीस, ओळीवर बोट ठेवून. मला वाटलं टॅक्सीने आलीस, सरप्राइज. पण तू गाडीत पुढे बसली नाहीस. मागे बसलीस. तू कधी मागे बसतेस?"



"हिबाला बाहेर बोलवा. आत्ता."

"बोलावलं. दोनदा. पूर्ण पेपर तोंडपाठ म्हणून दाखवतेय ती तिला. म्हणते, बाबा, अम्मीला ऐकवून होऊ दे."

"मग तिला उतरवा!"

"कसं उतरवू?" हमीदचा आवाज फुटला. "तुझाच चेहरा आहे, कुबरा. तुझाच निळा दुपट्टा आहे. तुला हायवेवर सोडून कसा येऊ मी?"

त्यांना पोचायला सव्वा तास लागणार होता. तेवढ्या वेळात हे सगळं लिहून काढायला बसले, तारीख-वार, जसं घडलं तसं. सांदणं झाली आहेत. गॅस बंद केला. बारा सव्वीसला हमीदचा एक मेसेज आला, 'मसाफी', एवढाच. मी निळा दुपट्टा कपाटात बघितला. आहे. हिबाच्या जागी मी बसले होते, आणि माझ्या जागी तो आवाज जाऊन बसला होता. दुपट्टा अंगावर घेतला आणि खिडकीत येऊन बसले, वही मांडीवर घेऊन.

बारा पंचावन्न. गाडी खाली लागली. हमीद उतरले. हिबा उतरली, हसतेय, किती दिवसांनी अशी हसतेय माझी पोर. तिने मागचं दार उघडून हात पुढे केला. आता ती जिचा हात धरून उभी आहे तिची पाठ माझ्याकडे आहे. मी खिडकीची काच सरकवली आणि हाक मारली, "हिबा!"

तिने वर बघितलं. मला बघितलं. आणि किंचाळून त्या दुसरीच्या पाठीमागे लपली.