रंभाबाईचे कान

देवासमोर बसून लिहिते आहे. समई लावलेली आहे. तेव्हा यात एक अक्षरही पदरचं घालणार नाही.

आयुष्यात मी दोनदाच खोटं बोलले. दोन्ही वेळा काय बोलले, ते पुढे येईलच.

दिवस मागच्या दत्तजयंतीच्या कीर्तन सप्ताहातला चौथा. वेळ संध्याकाळी साडेसहाची. जागा विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या पुढे, आमच्या गल्लीतलं दत्तमंदिर.

मी संपदा. वय एकसष्ट. कीर्तन हा माझा श्वास आहे म्हटलं तरी चालेल. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

वेदांत माझा भाचा. बहीण गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून माझाच. मला दुसरं कोणी नाही.

त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे मीच वाटले.

अशा गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. म्हणून ती हळू चालत असली की स्वतःच एक आवाज काढते. गूंऽऽ असा. रस्त्यावरच्या माणसाला कळावं, गाडी येते आहे.

तो आवाज बंद करायचं बटण गाडीत नव्हतं.

सप्ताहात वेदांत मला न्यायला यायचा. मंदिराच्या बाजूच्या बोळात गाडी लावायचा. पहिल्याच दिवशी आत्माराम बुवांचा उत्तररंग ऐन रंगात आला होता… आणि बाहेरून गूंऽऽ.

बुवांचा सूर काळी एक. गाडीचा सूर त्याच्या जरासा खाली. कान असणाऱ्या माणसाला तो किती टोचतो, ते शब्दांत सांगता येत नाही.

घरी येऊन मी म्हटलं, "तुझी गाडी बेसूर आहे रे. बुवांचा षड्ज मोडते."

वेदांत हसला. "मावशी, जगात गाडीला सुरावरून नावं ठेवणारी तू पहिलीच. थांब, जेसनला सांगतो."

जेसन त्याचा मित्र, वसईचा. लॅपटॉप गाडीला जोडून तो गाडीचं सॉफ्टवेअरच बदलायचा. अशा गाडीवाल्यांचा त्यांचा एक ग्रुप होता. कोणाला जास्त पळणारी गाडी हवी, कोणाला सीटच्या पट्ट्याची पिरपिर नको. सर्व्हिसिंगला न्यायच्या आदल्या दिवशी मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं, आणि घरी आणली की पुन्हा काढायचं. कंपनीला पत्ता लागत नसे.

चौथ्या दिवशी दुपारी तो आमच्या पार्किंगमध्ये मांडी घालून बसला. अर्ध्या तासाचं काम.

"आंटी, बाहेरचा आवाज गेला, रिव्हर्सची पीं पीं पण गेली," तो म्हणाला. "तुमच्या देवासाठी गाडीचं तोंड बांधलं. आता मला पुण्यात हिस्सा पाहिजे."

मी त्याला शिरा दिला.

आता रंभाबाई.

चांदीप गावची. शेतावरची भाजी घेऊन मंदिराच्या पायरीशी बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पण कान…

कान असे की लांबूनच ओळखायची. "ताय, बाजूला व्हा, टेम्पो येतंय. रिकामा हाय." खरोखर रिकामा टेम्पो यायचा. कीर्तन सुरू झालं की टोपली झाकून आत यायची, माझ्या शेजारी बसायची. बुवांचा आवाज बसला असेल तर माझ्या आधी तिला कळायचं.

मैत्रीण म्हणावी अशी ती एकच होती मला.

चौथ्या दिवशी कीर्तन संपलं. मी गाडीत बसले. वेदांतने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"बघ मावशी. ऐकू येतंय का काही?"

मी डोळे मिटले. खरंच काही नाही. कानात फक्त बुवांची आरती घोळत होती. मी हसले. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मागचं दाखवणाऱ्या पडद्याकडे नाही.

मग…

भिजलं पोतं जमिनीवर टाकावं, तसा एक आवाज आला.

रंभाबाई बोळात पाठमोरी उभी राहून गोणपाटाची घडी घालत होती.

दवाखान्यात तिने माझा हात धरला. तिला भीती नव्हती वाटत. तिला आश्चर्य वाटत होतं.

"ताय, कुठनं आली गो गाडी? ऐकू नाय आली."

हेच तीन-चार वेळा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पण त्याआधीच, त्याच संध्याकाळी, जेसन दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीत बसून मूळ सॉफ्टवेअर परत टाकत होता. मीच त्याला फोन केला होता. वेदांत तर भिंतीला टेकून बसला होता.

तपासणीला आरटीओचे साहेब आले. गाडी हळू चालवून बघितली. गूंऽऽ… व्यवस्थित आवाज आला. रिव्हर्सची पीं पीं पण आली.

रंभाबाईची मुलगी जागृती तिथे होती. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "माझी आय कानानं बघायची. तिला कशी ऐकू नाय आली?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. रोज शेजारी बसणारी मीच.

मी म्हटलं, "तिला हल्ली ऐकू कमी यायला लागलं होतं. तुला सांगितलं नाही तिने."

हे पहिलं खोटं.

जागृतीने थोडा विचार केला. "आसंल," म्हणाली. "आमाला तरी कधी काय सांगते ती."

वेदांत सुटला. मी दत्ताला अभिषेक केला. कशाबद्दल, ते त्याला माहीत असेलच.

रंभाबाईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली.

मी चहा घेऊन वेदांतच्या खोलीत गेले. बांगड्या वाजत होत्या, तोंडाने अभंग चालू होता. तो टेबलाशी पाठमोरा बसला होता. मी कप ठेवला… आणि तो किंचाळून उभा राहिला.

"केव्हा आलीस?"

"गातच आले की रे."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला बघून दचकला. मग वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याला. मग एक रिक्षा त्याच्या पायाला घासून गेली. रिक्षावाला म्हणाला, हॉर्नवर हात दाबून धरला होता.

कान तपासले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले.

पण वेदांतला कळलं होतं. एका रविवारी सकाळी त्याने मला देवघरातली घंटा घेऊन पॅसेजच्या टोकाला उभं केलं. स्वतः दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून.

"वाजव."

वाजवली.

"येतंय ऐकू. आता वाजवत माझ्याकडे चाल."

मी चालू लागले. घंटा जोरात वाजवत. शेजारची विनया दार उघडून बघायला लागली, आज कसली आरती.

"चाल ना मावशी."

मी त्याच्यापासून चार हातांवर होते.

"अगं, चाल की."

मी थांबले. घंटा वाजतच होती. त्याचे खांदे एकदम आखडले.

"आत्ता आली," तो म्हणाला. "तू थांबलीस, तेव्हा आली."

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"गेली."

विनयाने हळूच दार लावून घेतलं.

माझ्या लेकराला जे दूर आहे ते ऐकू येत होतं. जे जागेवर आहे तेही. फक्त जे त्याच्याकडे येत होतं, त्याचा आवाज येत नव्हता.

तो रस्त्यावर भिंतीला पाठ घासत चालू लागला. ऑफिस सुटलं. गाडी जेसनच्या घरी नेऊन ठेवली. घरात मी एक नियम केला. त्याला काही सांगायचं असेल तर जागच्या जागी उभं राहून सांगायचं. चालत बोलायचं नाही. भाजी परततानासुद्धा त्याच्या दिशेने पाऊल टाकायचं झालं, की आधी थांबून हाक द्यायची.

महिनाभर मी त्याला असं जपलं.

मग एका दुपारी जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"मावशी, नळ बंद केलास?"

"नाही रे. टपटपतोय बघ. प्लंबर यायचाय."

"मला येत नाहीये ऐकू."

मला येत होतं. टप… टप…

"नळ तर चालत नाही ना माझ्याकडे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग नळाच्या आणि माझ्या मध्ये काय आलंय?"

स्वयंपाकघराच्या दारात काही नव्हतं. मी देवाच्या साक्षीने सांगते, काही नव्हतं.

"आता पंखा गेला," तो म्हणाला.

पंखा त्याच्या डोक्यावर होता.

आम्ही दोघं हात धरून बसलो. पाच मिनिटं झाली असतील. मग तो म्हणाला, "आला नळ." आणि ताटावरून उठून तोंड न धुताच निजला.

त्यानंतर ते रोज यायला लागलं. कधी नळ झाकला जायचा, कधी बाहेरची शाळेची घंटा. "येतंय," एवढंच वेदांत म्हणायचा. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त वेळ थांबायचं.

मी पारायण बसवलं. आत्माराम बुवांना घरी बोलावलं. बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "संपदाताई, तुम्ही कोणाचं काही घेतलंय का?"

मी म्हटलं, "छे हो. आमच्याकडे दुसऱ्याचं काय असणार?"

फेब्रुवारी संपत आला होता. मंगळवार, दुपारी चारची वेळ. वेदांत शर्ट घालून, भांग पाडून बाहेर आला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असा बघत होते.

"चांदीपला जातो," म्हणाला. "जागृतीला सांगून टाकतो. आवाज आम्ही बंद केला होता. तिच्या आईचे कान चांगले होते."

"अरे, तुरुंगात जाशील."

"जाईन. तिथे भिंती असतात चारही बाजूंनी."

मी म्हटलं, "थांब, मी पण येते. खाली उभा राहा, साडी बदलते."

मला जायचं नव्हतं. मला त्याला अडवायचं होतं. रिक्षात बसून समजावीन, बुवांच्या घराशी उतरवीन, असं मनात होतं. म्हणून मुद्दाम वेळ काढला. निऱ्या दोनदा घातल्या.

खाली आले तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. रस्त्याकडे पाठ करून, माझी वाट बघत.

आमच्याकडे रोज पाण्याचा टँकर येतो. तो रिव्हर्समध्ये मागे येत होता. त्याचा भोंगा एवढा कर्कश, की चौथ्या मजल्यावरची बाळं उठतात.

वेदांतने एकदम मान ताठ केली. सगळं शांत झालं असणार त्याचं. काहीतरी येतंय, एवढं त्याला कळलं. त्याने डोळे मोठे करून इकडे तिकडे बघितलं…

मला नियम माहीत होता. नियम माझाच होता. जागच्या जागी उभं राहून हाक मारायची.

मी धावले.

ओरडत धावले. "वेदांत, मागे बघ. मागे बघ रे."

त्याने मला बघितलं. मी त्याच्याकडे येते आहे, माझं तोंड हलतंय, आणि आवाज नाही, हे बघितलं.

आणि त्याचा चेहरा सैल झाला.

त्याला वाटलं, ही शांतता माझी आहे.

तो हसला. हात वर केला. सावकाश ये, गुडघे सांभाळ, असा.

पुढचं मी लिहीत नाही.

टँकरवाला रस्त्यावर बसून रडत होता. "साहेब, भोंगा चालू होता. सगळ्या बिल्डिंगने ऐकलाय. विचारा कोणालाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच ऐकला होता.

पोलीस माझ्याकडे वळले. अगदी मायेने विचारलं, "आजी, मुलाला ऐकू कमी येत होतं का?"

खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची होती, तुम्हीच बघा.

मी म्हटलं, "हो. हल्ली कमी यायला लागलं होतं."

हे दुसरं.

आता मी एकटीच असते. कीर्तनाला जाते. पायरीशी आता जागृती भाजी घेऊन बसते. मुलगा गेला म्हणून माझ्याकडून ती पैसे घेत नाही. "न्या हो ताय, माझी आय तुमचं लय नाव काढायची," म्हणते. रोज ठरवते, आज सांगायचं. रोज मेथीची जुडी घेऊन घरी येते.

विनया सकाळी एक काम करते माझं. का करायचं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी पॅसेजच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी राहते. ती दुसऱ्या टोकाकडून टाळ वाजवत माझ्याकडे येते. मी तिची पावलं मोजते. चौदा होतात. मग ती माझ्या खांद्याला हात लावते आणि आम्ही चहा घेतो.

काल तिने खांद्याला हात लावला, तेव्हा माझी मोजून बारा झाली होती.

"आज लांब ढांगा टाकल्यास का गं?" मी विचारलं.

"नाही काकू," विनया म्हणाली. ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. "पण मधे तुम्हाला दोन हाका मारल्या. ओ का नाही दिलीत?"