तात्पुरता आवाज

टीव्ही मालिकेचा तो दिग्दर्शक तिच्या खोलीत शिरला, तो लपायला. वाहिनीची साहेबमंडळी मालिकेची घसरलेली लोकप्रियता घेऊन त्याला मजलाभर शोधत होती. समोर दिसलं ते दार त्यानं ढकललं. आत रेकॉर्डिंग चालू होतं आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली... एकामागून एक, सटासट!

"बाहेरचा लाल दिवा दिसला नाही?" मशीनवर बसलेल्या तिनं हेडफोन काढत विचारलं. स्टुडिओच्या त्या इमारतीतले सगळे आवाज तिच्या ताब्यात असत.

"दिसला ना... पण बाहेर साहेबही दिसले."

"मग शिंका तरी बाहेर ठेवून यायचं!"

तो हसला. त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. झालं! बाईसाहेबांच्या काळजाचा तिथंच निकाल लागला. तेव्हापासून तो तिचा शिंकोबा झाला आणि रोज चहाचे दोन कप घेऊन लाल दिव्याखाली ताटकळू लागला.

पुढे शिंकोबाला सिनेमाचे वेध लागले. पैसे लावणारा भेटला, नावाजलेली नायिकाही मिळाली; पण तिला डबिंगला लगेच सवड नव्हती आणि आवाजाशिवाय दृश्यं जुळेनात. अशा वेळी घरचंच कुणीतरी तात्पुरता आवाज भरतं. नायिकेचा आला, की तो पुसून टाकायचा. असलं काम तो हक्कानं आणखी कुणाला सांगणार?

शेवटचं दृश्य आलं. नायक निघालाय, नायिकेनं त्याला अडवायचंय. हा सिनेमा संपला की शिंकोबाही ही इमारत कायमची सोडणार होता. आज नाही तर कधीच नाही, असं तिनं ठरवलं. कागद बाजूला ठेवला आणि काचेतून थेट त्याच्याकडे बघत ती बोलली —

"दिवसभर हजार आवाज ऐकेन रे... पण माझ्याशी बोललेला एकही नसेल. जाऊ नकोस ना... माझ्यासाठी."

काचेपलीकडे तो थिजला. मग त्यानं तिच्याशी बोलायचं बटण दाबलं.

"वा! लिहिलं होतं त्याच्यापेक्षा शंभरपट भारी! फक्त 'माझ्यासाठी'च्या आधी एक श्वास घे. पुन्हा एकदा?"

दिग्दर्शकाची जातच तशी. घराला आग लागली तरी आधी उजेड कसा पडलाय ते बघेल. तिनं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. त्यानं सांगितलं तिथं श्वाससुद्धा घेतला.

नायिका आली तेव्हा ते वाक्य तिनंच तिला शिकवलं, अगदी श्वासासकट. आणि मग स्वतःचा आवाज स्वतःच्याच बोटानं पुसला.

सिनेमा तुफान चालला. त्याच्या सत्कारांना ऊत आला. एका दुपारी तो धापा टाकत तिच्या खोलीत आला.

"पहिल्यांदा तुलाच सांगतोय. आम्ही लग्न करतोय... ती आणि मी! तिनं ते वाक्य म्हटलं ना डबिंगला, 'जाऊ नकोस ना, माझ्यासाठी', मी तिथंच खलास!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तोंडानं मात्र ती "अभिनंदन" म्हणाली.

"खरं सांग, तुला सुचलं कसं गं ते?"

"सुचलं नव्हतं."

त्याच्या डोळ्यांतलं हसू हळूहळू विझलं.

"म्हणजे तू... आणि मी तुला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं?"

"हो."

"मग आता... मी काय करू?"

"काही करू नकोस. ती चांगली मुलगी आहे. तिला दुखवू नकोस."

त्यानं तिचा हेडफोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"शेवटचा टेक... अप्रतिम झाला होता," तो कसाबसा म्हणाला.

"पहिला खरा होता," ती म्हणाली आणि त्याला जाता यावं म्हणून तिनं दार उघडून धरलं.