डावीकडचा ब्रेक

घे की मोठ्या इंजिनाची गाडी. मी कुठं नको म्हणतोय? रोज हायवेनं जाणं-येणं करणार, त्याला तुझी आत्ताची डबी पुरणार नाहीच. चढावर एखाद्या ट्रकच्या मागं अडकलास की त्याच्या पाठीवर लिहिलेलं सगळं पाठ होईपर्यंत पुढं जाता येत नाही. तेव्हा घे. पण संध्याकाळपासून तुम्ही तिघं त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. पिकअप किती, टर्बो आहे का, छत उघडतं का. थांबते कशी, हे एकानं तरी विचारलं का?

सूनबाई, तो गच्चीतला दिवा बंद कर, किडे येतायत. आणि बसा इथं जरा. एक सांगतो. घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो अजूनही माझ्या गॅरेजला गाडी घेऊन येतो. त्यानं सांगितलं तसं सांगणार, पदरचं काही घालणार नाही.

मास्तरच्या पोराची गोष्ट आहे. मास्तर म्हणजे माझा भागीदार. आम्ही दोघांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, हे तुला माहीत आहे. गाड्या मी बघायचो, शिकवायचा तो. खरं नाव त्याच्या घरच्यांनाही आठवत नसेल, सगळं गाव मास्तरच म्हणायचं. शिकाऊ गाडीत शिकणारा उजवीकडं बसतो आणि शिकवणारा डावीकडं, आणि डावीकडंही एक ब्रेक असतो. मास्तरचं निम्मं आयुष्य त्या डाव्या सीटवर गेलं.

त्याची एक तऱ्हा होती. गाडीत तो बोलायचा नाही. म्हणायचा, शिकणारा आधीच गांगरलेला असतो, आपण ओरडलो की तो रस्ता सोडून आपल्या तोंडाकडं बघतो. मग त्यानं टाचेची भाषा काढली. बुटाच्या टाचेला लोखंडी नाल ठोकून घेतली होती. एकदा टक् वाजलं की आरसा बघायचा. दोनदा वाजलं की वेग कमी करायचा. तिसऱ्यांदा काही वाजायचं नाही, तो सरळ ब्रेक दाबायचा.

आणि दाबायचाही कसा. उजवा पाय तरुणपणी मोडला होता, तो जरा आत वळून जुळला. त्यामुळं पॅडलचं रबर कधी सारखं झिजलं नाही. वरचा डावा कोपरा तेवढा झिजायचा, पार लोखंड दिसेपर्यंत. मी चिडायचो. म्हणायचो, मास्तर, रबराचे पैसे तुझ्या वाट्यातून कापतो. तो म्हणायचा, आधी वाटा दे तरी, मग काप.

त्याला एकच मुलगा. बायको मुलगा शाळेत असतानाच गेली. मग मास्तरच आई आणि मास्तरच बाप. सकाळी पोराची वेणीफणी नव्हती एवढंच, बाकी डबा, इस्त्री, अभ्यास सगळं करून हा माणूस सहाच्या बॅचला हजर. पोरगा शिकला, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मोठ्या शहरात लागला. त्याची बायको इथल्याच शाळेत शिकवते, लेक लहान, म्हणून बिऱ्हाड इथंच राहिलं. तो दर शुक्रवारी रात्री हायवेनं घरी यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. गाडी होती जुनी, लहान, तुझ्यासारखीच.

आता गंमत बघ. मोठी गाडी घे म्हणून मागं कोण लागलं होतं? मास्तर. पोरगा म्हणायचा, आहे ती चालते की. मास्तर म्हणायचा, चालते, पण ट्रकच्या बाजूनं निघायला तिला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तू समोरच्याच्या दयेवर असतोस. मोठं इंजिन जोरात पळायला घ्यायचं नसतं, अडचणीतून चटकन बाहेर पडायला घ्यायचं असतं. शोरूमला बापलेक दोघं गेले, मला पण ओढून नेलं. मास्तरनं सेल्समनला इतकं पिडलं की शेवटी तो बिचारा म्हणाला, काका, तुम्हीच बसा माझ्या खुर्चीवर. शेवटी जी घेतली ती दणदणीत घेतली. चढावर सुद्धा पाय ठेवला की माणूस सीटला चिकटायचा.

पहिल्याच रविवारी मास्तर पोराबरोबर हायवेवर गेला. पोरगा खुशीत. इतकी वर्षं जे ट्रक त्याला हॉर्न मारून बाजूला करायचे, त्यांच्या नाकावर टिच्चून हा पुढं निघत होता. आणि डावीकडं मास्तरची टाच. टक्. पुन्हा टक् टक्. मग तो आत वळलेला पाय पुढं जायचा आणि जमिनीवर दाबून बसायचा. तिथं ब्रेक नव्हता, पण पायाला काय माहीत.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा पोरगा बोलला. "बाबा, तिथं ब्रेक नाहीये. आणि मी तुमच्या सहाच्या बॅचचा नाही. मागं बसा बरं, तुमचा पाय बघून मलाच टेन्शन येतं."

मास्तरनं दार उघडलं. उतरला, बूट झटकले, मागं जाऊन बसला. त्यानंतर त्या गाडीत तो कायम मागंच बसला. पोरगा विसरूनही गेला. सीट रिकामी दिसली तर तिथं स्वतःची बॅग टाकायचा.

मला मास्तर एकदाच म्हणाला. आम्ही चहा पीत होतो. म्हणाला, "मागून रस्ता दिसत नाही रे. पोराचं डोकं तेवढं दिसतं."

थंडी सुरू झाली आणि एके दिवशी मास्तर सकाळी उठलाच नाही. झोपेतच गेला. त्याच्यासाठी बरंच म्हणायचं, पण मागं राहतात त्यांना ते बरं नसतं. पोरगा त्या रात्री शहरात होता. शेवटचं बोलणं काय झालं, तर फोनवर, जेवलात का, हो जेवलो, ठेवतो. पोरगा रडला नाही. सगळं व्यवस्थित केलं, लोकांना पाणी दिलं, आणि सोमवारी कामावर गेला. मी त्याच्या बायकोला म्हणालो, याला रडू दे कधीतरी, नाहीतर आत कुजेल. ती म्हणाली, काका, ते बाबांचं नावच काढत नाहीत.

फक्त गाडी जोरात चालवायला लागला.

आता ती रात्र. जानेवारीतला तिसरा शुक्रवार, म्हणजे घड्याळानं शनिवार लागला होता. अमावास्या वगैरे काही नाही, उलट पिठासारखं चांदणं होतं. उगाच माझ्या तोंडी अमावास्या घालू नका. त्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट अडकली, काम लांबलं, म्हणून निघायलाच उशीर झाला. लेकीचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस. ती उठायच्या आत घरी पोचायचं, हे त्याच्या डोक्यात.

टोल नाका सोडला तेव्हा पावणेदोन वाजले होते. रस्ता मोकळा. काचा बंद, हीटर चालू. मोठ्या गाडीचं हेच वाईट असतं बघ, वेग कळतच नाही. लहान गाडी ओरडून सांगते, मालक, आता बास. ही बोलत नाही. काटा कुठं गेला होता ते त्यानं बघितलंही नाही. दिवसभराचा शिणलेला, डोळे उघडे होते, पण उघड्या डोळ्यांनी माणूस झोपू शकतो. मी पाहिलेत तसे.

मोठा चढ लागला. त्याच्या माथ्यावर रस्ता वळतो, पलीकडचं काही दिसत नाही.

टक्.

त्याला वाटलं, बॅगेचं बक्कल वाजलं. डाव्या सीटवर बॅग होती. त्यानं तिकडं बघितलं नाही. पण सवय बघ, लहानपणापासूनची... नजर आपोआप आरशात गेली.

आरशात मागचा रस्ता. रिकामा.

मागची सीट. तीही रिकामी.

इथंच मास्तर बसायचा, हे त्याच्या मनात आलं. कितीतरी दिवसांनी आलं. आणि मग...

टक् टक्.

बक्कल नव्हतं ते.

तो म्हणाला, काका, मी घाबरलो असं नाही, मला श्वासच घेता येईना. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच. काढायचं सुचलं नाही. चढ संपत आला. माथा जवळ आला.

आणि तिसऱ्यांदा...

काही वाजलं नाही.

गाडीचं नाक खाली गेलं. बेल्ट छातीत रुतला. बॅग उडून खाली पडली. इंजिन जोर लावतंय, याचा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि गाडी थांबतेय. थांबतेय. चाकं किंचाळतायत. थांबली.

इंजिन बंद पडलं.

दिव्यांच्या उजेडात, माथ्याच्या पलीकडं, रस्ता अडवून एक लांबलचक ट्रेलर आडवा पडला होता. ना मागचा लाल दिवा, ना कुणी झाडाची फांदी टाकलेली. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून धावत येत होता, हात हलवत. तो पोचायच्या आतच आपण पोचलो असतो, असं पोरगा म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता.

काय म्हणालास? हो, आत्ताच्या गाड्यांत समोर काही आलं की आपोआप ब्रेक लागतो, मला माहीत आहे. गॅरेज चालवतो मी, भजनी मंडळ नाही. त्याच्या मॉडेलला ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी वर घेतली, चारही चाकं उघडली, ब्रेकमध्ये कसलाही दोष नव्हता.

तिथं तो किती वेळ बसला, त्यालाच माहीत नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर काच वाजवत होता. यानं डावीकडं बघितलं. सीट मोकळी. बॅग खाली पडलेली. बॅग उचलून त्यानं मागं ठेवली. आणि मग इतके दिवस अडलेलं ते आलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. रडता रडता एकच म्हणत होता.

"बाबा, पुढंच बसा. चुकलं माझं. पुढंच बसा..."

उत्तर नाही आलं. कुठून येणार? मास्तर गाडीत बोलायचाच नाही.

सकाळी लेक उठायच्या आत तो घरी पोचला. तिला उचलून घेतलं, आणि तसाच तिला कडेवर घेऊन माझ्याकडं आला. गॅरेजचं शटर मी अर्धंच उघडलं होतं. मला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "काका, आपल्या जुन्या शिकाऊ गाडीचा डावीकडचा ब्रेक आहे का अजून?"

होता. स्कूल बंद केलं तेव्हा मीच काढून ठेवला होता, फेकवला नाही. मी म्हणालो, अरे, पण या गाडीत तिथं कोण बसणार? तो गाडीकडं बघत राहिला. लेक मात्र म्हणाली, आजोबा. मुलं काहीही बोलतात, मी ते मनावर घेतलं नाही. पॅडल बसवलं. जुनं रबर कडक झालं होतं, म्हणून नवं कोरं घातलं. चारही कोपरे धारदार.

आता ती सीट रिकामीच असते. बॅग नाही, पिशवी नाही. बायको आणि लेक मागं बसतात. कुणी पाहुणा आला तर त्यालाही मागंच बसवतो, लोक हसतात, हसू देत. गाडी तीच आहे, दणदणीत. पण आता तो तिला जोरात पळवत नाही, ट्रकच्या बाजूनं चटकन निघतो आणि पुन्हा आपल्या लेनमध्ये येतो. मास्तर सांगायचा तसं.

दर सर्व्हिसिंगला मी ती गाडी स्वतः बघतो, गॅरेजमधल्या पोरांना हात लावू देत नाही. ड्रायव्हरनं आपला ब्रेक दाबला की डावीकडचाही खाली जातो, सळईनं जोडलेले असतात. पण नुसतं खाली-वर होऊन रबर झिजत नाही. रबर झिजायला वरून पाय लागतो.

हे गेल्या सर्व्हिसिंगला काढलेलं रबर, खालच्या लोखंडी पट्टीसकट. खिशातच आहे. तिसरं आहे हे.

दिवा लावू नको, राहू दे. हात पुढं कर... नुसता अंगठा फिरव. हा खालचा भाग, नवा आहे ना? खरबरीत, रेघा लागतायत? हा उजवा कोपरा, तोही नवा.

आता वर ये. डावीकडं.

...लागलं बोटाला लोखंड?