डावी बाजू वर

कापडाच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता. त्यातलं एक कापड तिने ओढलं, तर ते पलीकडूनही ओढलं गेलं. गडद निळ्या रंगावर उडणारे पांढरे बगळे. दुसरं टोक धरून विस्कटलेल्या केसांचा एक तरुण उभा होता.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. मला फोटोत मागे लावायला हवंय."

"एवढं देखणं कापड मागे? मी याचा किमोनो शिवणार आहे."

त्याची पकड सैल झाली. "कॉस्प्ले करता तुम्ही?"

ती चमकली. मनातल्या पात्राचा पोशाख चढवून तेच पात्र होऊन जायचं, हा तिचा छंद घरी कुणाला धड कळला नव्हता. आई तर सरळ म्हणायची, "बहुरूप्याचं सोंग!" आणि इथे एक अनोळखी माणूस तो शब्द सहज उच्चारत होता.

"तुम्ही शिवा, मी फोटो काढतो," तो म्हणाला. "पूर्ण जपानी थाटाचं शूट. कंदील घेऊन हरवलेल्यांना वाट दाखवणारी एक बाई... कधीची डोक्यात आहे माझ्या."

"आणि कापड?"

"तुमचं. पण शूट माझं."

ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायची. हे कळल्यापासून त्याने तिचं नावच 'प्रयोगशाळा' ठेवलं. तीही त्याला 'कॅमेरा' म्हणू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली होती. खालून हातोडीचे ठोके यायचे, वर ही दोघं तारेला पातळ कागद चिकटवून कंदील करत बसायची. डिंकाने बोटं चिकटायची... कधी एकमेकांना.

"किमोनोची डावी बाजू नेहमी वर," एकदा ती कापड अंगाभोवती घेऊन दाखवत म्हणाली. "उजवी आत, डावी वर. यात चूक चालत नाही."

"आणि चुकलं तर?"

"तर बाई मेलेली. तिकडे फक्त मेलेल्या माणसालाच उजवी बाजू वर घेऊन गुंडाळतात."

"बाप रे! मरेपर्यंत विसरणार नाही."

त्याचंही एक खूळ होतं. फोटोतला चेहरा उजवीकडे बघणाराच हवा. नसेल, तर तो कॉम्प्युटरवर अख्खा फोटो आरशातल्यासारखा उलटा करून टाकायचा. "डोळ्याला बरं वाटतं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. तिला ते अजिबात पटायचं नाही, आणि फार आवडायचं.

"लांबी जास्त ठेव," तो म्हणाला. "बाह्याही जरा लांब."

तिला आनंदच झाला. किमोनो लांबच शिवतात आणि जास्तीचं कापड कमरेशी दुमडून घेतात. म्हणजे हा वाचून आला होता. तिच्यासाठी!

"मशीनवर बसून पाठ मोडून घेशील," आई म्हणाली. "कुणासाठी चाललंय एवढं?"

"स्वतःसाठी."

"स्वतःसाठी शिवताना कुणी असं गालातल्या गालात हसत नाही."

शूट संपलं की त्याला सांगायचं, असं तिने ठरवलं. प्रयोगशाळेत बाटल्या धुताना वाक्यही तयार केलं, आणि धुतलेलीच बाटली पुन्हा धुतली.

शूटच्या सकाळी किमोनो घालून, कमरेशी जाड घडी घेऊन, कंदील हातात धरून ती पडद्यासमोर उभी राहिली. तो दिवे पुढे-मागे सरकवत होता.

"हनुवटी खाली... अजून. माझ्या डावीकडे बघ. बास! हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"अर्धाच घे."

ती हसली. त्याने जवळ येऊन तिच्या कपाळावरची बट मागे सारली. बोट क्षणभर तिथेच राहिलं — की तिला तसं वाटलं?

"कुणाची तरी वाट बघतेयस, असं दिसतंय," कॅमेऱ्याआडून तो म्हणाला.

"बघतेच आहे."

"कुणाची?"

वाक्य ओठांवर आलं. "मला तुला एक..."

तेवढ्यात दार उघडलं. बॅग ओढत एक मुलगी आत आली. उंच, लांब हातांची, प्रवासाने दमलेली, तरी प्रसन्न.

"झाले का दिवे लावून? मला उशीर नाही ना झाला?"

"एकदम वेळेवर!" त्याचा चेहरा असा उजळला, की तो उजेड त्याच्या कुठल्याच दिव्यात नव्हता. "प्रयोगशाळा, ही माझी होणारी बायको. सांगितलं होतं ना तुला?"

"नाही."

"नाही? अगं, मापं तर हिचीच दिली होती. लांबी, बाह्या..." तो घाईने म्हणाला. "तू उभी राहिलीस म्हणून दिवे किती छान जमले बघ. आता काढ ते, हिला नेसव."

दिवे जमवायला कुणाला तरी आधी उभं करावं लागतं. कुणीही चालतं. हे तिला माहीत होतं, त्यानेच शिकवलं होतं.

आतल्या खोलीत ती त्या मुलीला किमोनो नेसवू लागली. "किती सुंदर शिवलंय तुम्ही! हा फोनवर सारखं तुमचंच सांगतो," ती मुलगी म्हणाली. मनापासून म्हणाली, हीच पंचाईत. कमरेशी घडी घ्यावीच लागली नाही. कापड पावलांपर्यंत अचूक उतरलं.

दोन्ही काठ तिच्या हातात होते. उजवा वर घेतला असता तरी बाहेर कुणाला काही कळलं नसतं... हात तसेच थांबले.

मग तिने उजवी बाजू आत घेतली. डावी वर. पट्टा घट्ट बांधला.

"जमलं का?" त्या मुलीने विचारलं.

"अगदी," ती म्हणाली, आणि आपले कपडे घालून मागच्या जिन्याने उतरली.

संध्याकाळी फोन वाजला. त्याचा निरोप होता. 'तुझाही एक भारी आलाय. माझ्याकडून आठवण.'

तिने फोटो उघडला. निळं कापड, कागदी कंदील, उजवीकडे वळलेला तिचा चेहरा. उजवीकडे? तिने फोटो मोठा केला. डाव्या मनगटावरचा आम्लाचा जुना डाग उजव्या मनगटावर होता. आणि किमोनोची उजवी बाजू वर.

'अरे, तू हा उलटा...' तिने लिहिलं. थांबली. खोडलं. फोटोतली ती अजून वाट बघत होती. तिला तरी कुठे माहीत होतं?

"कोण गं?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं.

"कुणी नाही."

'छान आलाय,' तिने लिहिलं, आणि पाठवलं.